नळीतली बुळबुळ

तापाने ह्यांचे दात वाजत होते आणि मी कोण हेही त्यांना कळत नव्हतं, तेव्हा कुठे डॉक्टरांनी लघवीची नळी काढली. ऑपरेशनच्या वेळी घातलेली नळी दहा दिवस तशीच होती. आतून बुळबुळीत झाली होती.

"आजी, जंतू असा थर करून बसतात. मग औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे माठ न घासता नुसती तुरटी फिरवत बसले होते!

"मग आधीच का नाही काढली?"

सिस्टर म्हणाली, "सारख्या चादरी कोण बदलणार?"

"मी मेले होते का?"

नळी घालायला तिघं धावतात. ती अजून लागते का, हे रोज विचारणं मात्र कुणाचंच काम नसतं.

हे वाचले. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांचीही नळी तशीच राहिली होती. ते वाचले नाहीत.