हुकमावरून, घरची बाई

माझं वर्ध्याला झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानापुढच्या टेबलावर मी पोस्टकार्डं विकतो. आपल्याच जिल्ह्यातल्या भिंतींवर लोकांनी रागाच्या भरात काय काय लिहून ठेवलंय, त्याचे फोटो. सेवाग्राम पाहायला आलेली मंडळी जाताना घेतात. 'येथे गाडी लावल्यास हवा काढण्यात येईल, गाडीची आणि मालकाची,' हे पिपरी मेघे गावातलं. असली पंधराएक होती. मी स्वतःला मोठा कलाकार समजत होतो, आता सांगायलाही लाज वाटते.

सगळ्यात जास्त खपलं ते देवळीचं. एका घराच्या दारालगत गेरूनं ठसठशीत लिहिलेलं: 'पिऊन आल्यास ओट्यावर कुत्र्यासंगं निजावं. हुकमावरून, घरची बाई.' मी गाडी उभी केली, फोटो काढला, निघालो. दार उघडंच होतं. आत कोणाला विचारावं, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. वरून कार्डाखाली माझं शहाणपण छापलं: 'दारूबंदीचा जिल्हा, वर्धा.' लोक खो-खो हसायचे, मित्रांसाठी म्हणून जास्तीची न्यायचे.

मग एका दुपारी पन्नाशीचा एक माणूस आला. धुतलेला शर्ट, डोक्याला तेल. त्यानं ते कार्ड उचललं आणि बराच वेळ पाहिलं.

"हे माह्यं घर आहे, भाऊ."

मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण तो हळूच बोलत होता. "दारू सोडून सव्वा वर्ष झालं. बायकोनं सोताच्या हातानं भिंत चुन्यानं पोतली. अन् आता मी कापसाच्या जिनिंगवर कामाले जातो, तिथं हमाल लोकायनं हे कार्ड चिकटवून ठेवलं. मले पाहून भुंकतेत."

मी म्हटलं, "काका, हे छापणं बंद करतो."

तेवढ्यानं तो खुलला. "बंद कर, अन् आताची भिंत छाप ना. पांढरीफट्ट आहे. लोकायले समजन तरी, का हा सुधरला."

आणि मी, माझी जीभ झडो, हसून म्हणालो, "कोरी भिंत कोन घेते, काका?"

त्याचा चेहरा उतरला. "हो, तेही खरंच," म्हणाला आणि कार्ड होतं तिथं नीट ठेवलं. मी चहाचं विचारेपर्यंत तो रस्ता ओलांडून गेलासुद्धा.

एवढ्यावर तरी मला अक्कल यावी ना! संध्याकाळी नागपूरचं एक टोळकं आलं, त्यांनी नेमकं तेच कार्ड मागितलं, आणि मी दिलं. त्यांच्यासोबत हसलोही. निर्लज्ज कुठला.

पंधरा दिवस मन खात राहिलं. शेवटी उरलेली कार्डं जाळली आणि कॅमेरा घेऊन देवळीला गेलो. भिंत खरंच पांढरी होती. ओट्यावर बाई तूर पाखडत होती. मी कोण ते सांगितलं, फोटो काढू का म्हणून विचारलं. सूप खाली ठेवून ती उभी राहिली.

"आता विचारून राह्यला? तवा काऊन नाई विचारलं?"

भिंत तर रस्त्यावरच होती, असं मी म्हणून बसलो.

"माह्या नवऱ्याले लिवलं होतं मी ते. गल्लीतल्यायनं वाचलं, त्यायले आमचं सारं ठावूक होतं. तुले काय ठावूक होतं?"

मी खाली मान घालून विचारलं, "ताई, पुन्हा सुरू तर नाही ना केली त्यांनी?"

"नाई. थेंब नाई. पण जिनिंगवर जात नाई, चौकात जात नाई. तुह्या दुकानातून आला तवापासून आत बसून राह्यला."

आतून त्याचा आवाज आला, "कोन आलं वं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"कोनी नाई," म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.