काजूचा चीक आणि सरकारी अंगठा

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका नियमांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात शोधून सापडायचा नाही. एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीच्या दिवशी तिकिटांची पेटी जमा केली, स्वभाव जमा करायचा राहून गेला. गरिबांना फुकट उपचार देणारी सरकारी योजना मिरजोळ्यापलीकडच्या त्यांच्या वाडीत पोचली, तेव्हा त्यांना पुन्हा ड्युटी लागल्यासारखं झालं. नाव रेशनकार्डात हवं, ते आधारला जोडलेलं हवं आणि सेवा केंद्रातल्या यंत्रावर अंगठा उमटायला हवा, हे ते भेटेल त्याला सांगत सुटले. "तिकिटाशिवाय सीट नाय, कार्डाशिवाय खाट नाय." माणसाच्या तोंडाकडे बघणं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. एका लग्नात आहेर देताना त्यांनी नवऱ्यामुलाचा अंगठा उलटा करून निरखला आणि "चालेल" म्हणाले. मुलीकडच्यांना बरं वाटलं.

वाडीतल्या सगळ्यांची कार्डं त्यांनी काढून दिली, स्वतःच्या घरातली मात्र काढली नाहीत. विचारलं तर म्हणत, "कंडक्टर शेवटी चढतो." आणि मग मावशींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, श्वास लागायला लागला. हृदयाची झडप बदलायला हवी आणि फार थांबून चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कार्ड असतं तर सगळं योजनेत होणार होतं. ताई आणि भावजी मुंबईला, म्हणून मी शहरातून रिक्षा घेऊन गेलो आणि दोघांना केंद्रावर नेलं.

यंत्राने मावशींचा अंगठा ओळखला नाही. उजवा नाही, डावा नाही, उरलेली बोटंही नाहीत. ओल्या काजूचे गर काढता काढता मावशींचा जन्म गेलेला. त्या बियांचा चीक कातडी सोलून काढतो, आणि बोटांवरच्या रेघा त्याने कधीच खाल्ल्या होत्या. ओटीपी मागवला तर तो भावजींच्या फोनवर गेला, आणि कामाच्या वेळात भावजींचा फोन लॉकरात असतो; ते सुटेपर्यंत केंद्र बंद झालेलं असतं. शेवटी केंद्रातली मुलगी म्हणाली, "चेहऱ्यावरून करू. आजी, इकडे बघून डोळे मिचकावा." मावशींनी पदर सारखा केला आणि ठाम नकार दिला. "या वयात? आणि हे शेजारी बसलेले असताना?"

घरी आल्यावर सासऱ्यांनी फर्मान काढलं: अंगठा परत उगवेपर्यंत मावशींनी कशाला हात लावायचा नाही. काजू बंद, भांडी बंद, राखही बंद. रोज संध्याकाळी ते स्वतः त्यांच्या बोटांना खोबरेल चोळत आणि उजेडाकडे धरून तपासत. काजूचे दिवस होते, बिया तशाच ठेवून चालणार नव्हतं. तेव्हा विळीवर ते स्वतः बसले. आयुष्यात त्यांनी चहासुद्धा केला नव्हता. मी गेलो की मावशी ओटीवर हात मांडीत ठेवून पाहुण्यासारख्या बसलेल्या असत, आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला की डोळे मिटून घेत. "बसूनच माझा जीव जाणार बघ," त्या मला म्हणाल्या.

पण अंगठा उगवला. यंत्राने तो पहिल्या खेपेलाच घेतला. मुलीने "झालं आजी" म्हटलं तेव्हा सासऱ्यांनी तोंड फिरवलं. बराच वेळ ते भिंतीवरचा नियमांचा फलक वाचत उभे राहिले. "काका, आता तुम्ही," मुलगी म्हणाली. ते ऐटीत पुढे झाले. उजवा ठेवला, डावा ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. चिकाने त्यांची बोटं पार सोलवटून निघाली होती. त्यांनी हात उलटा करून नेहमीसारखा निरखला आणि शांतपणे म्हणाले, "हा अंगठा चालणार नाय. नियम म्हणजे नियम."

मावशींचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. परवा गेलो तेव्हा त्या विळीवर बसायला निघाल्या होत्या आणि दोघांत वाद चालू होता. शेवटी विळी शेजारणीकडे गेली. मग मावशींनी खोबरेलाची वाटी आणली, नवऱ्याचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळायला लागल्या. ते अवघडून बसले होते. जन्मभर हजारोंना तिकिटं देणाऱ्या त्या हाताला असं काही घ्यायची सवय नव्हती. "आठवडाभरात चढता येईल गाडीत," ते मला म्हणाले. मावशी मान वर न करता म्हणाल्या, "गडबड नाय. मी थांबवून धरलीय."