हळदीला मक्याचं गाणं

सुई रेकॉर्डवर टेकवली आणि टेंभुर्णीचा तो अख्खा मांडव गप्प झाला. नवरी पाटावर, उष्टी हळद वाटीत, सवाशिणींचे हात हवेत. माझ्या भोंग्यातून असा जाड, संथ आवाज येत होता की पोटभर पेंड खाल्लेली म्हैस गातेय असं मांडवाला वाटावं.

"गणूभाऊ, बॅटरी उतरली का?" नवरीचे वडील भाऊसाहेब ओरडले.

"बॅटरी नवी हाय. गाणंच असं हाय."

मी साउंड सर्व्हिसवाला. मी टेंभुर्णीत बेस वाढवला की जालन्यात दुकानांची शटरं आपोआप खाली येतात. भाऊसाहेब बियाण्यांचे डीलर. त्यांच्या घरची रीत अशी की हळद लागायची ती एकाच रेकॉर्डवर. गायिकेचं नाव सांगत नाही. ते घेताना माणसं कानाची पाळी धरतात, एवढं सांगतो. तिची बाकीची गाणी देशाला पाठ आहेत. हे गाणं मात्र तिच्या कट्टर चाहत्यांनाही माहीत नाही. माहीत आहे ते फक्त या घराला. 'पिवळं पिवळं सोनं दारी आलं गं.'

पूर्वी ते माझे उस्ताद वाजवायचे. भाऊसाहेबांच्या लग्नानंतर या घरात दुसरं लग्नच झालं नाही. मधल्या काळात उस्ताद गेले आणि त्यांचा प्लेअर उंदरांनी खाल्ला, मोटरसकट. म्हणून मी नवा टर्नटेबल आणला होता. रेकॉर्डला स्पीड असतो. मोठी तबकडी मिनिटाला तेहतीस फेरे घेते, लहान पंचेचाळीस. ही तबकडी बशीएवढी, पण लेबलवर ठळक तेहतीस छापलेलं. उस्ताद लेबल वाचायच्या भानगडीत कधी पडले नाहीत. लहान दिसली की पंचेचाळीस, विषय संपला. त्यामुळे इतकी वर्षं बाईंचा आवाज बारा वर्षांच्या पोरीचा यायचा आणि शब्द एकमेकांच्या अंगावर पडायचे. पहिली ओळ तेवढी कळायची. पुढं बाया आपल्या मनाचे शब्द घालायच्या.

मी लेबल वाचलं. कंपनीनं सांगितलेल्या स्पीडला लावलं.

भाऊसाहेबांची आई, जिजी, खाटेवर उठून बसली. "कोण मेलं रे? हे हळदीचं हाय का मयतीचं?"

"जिजी, खरं गाणं असंच हाय."

"मंग खोटं लाव. ह्या आवाजावर माझ्या नातीला हळद लागणार न्हाई."

मी तिला आरपीएम समजावून सांगत होतो, तेवढ्यात दुसरं कडवं आलं. एकेक अक्षर शेंग सोलल्यासारखं मोकळं.

'एकरी थैली एकच पुरे, भरती कणसं गं,
सील पाहुनी थैली घ्यावी, बिल घ्यावं गं.'

नवरदेवाकडून हळद घेऊन आलेली करवली आधी फिसकन हसली, मग खो खो हसली. "अगं बाई, ही तर मक्याच्या बियाण्याची जाहिरात!"

तेवढ्यात बाईंनी कंपनीचं नावही गायलं, तेही आलाप घेऊन. भाऊसाहेबांनी ज्या कंपनीचा माल कधीच दुकानाबाहेर फेकला होता, नेमकी तीच.

नवरीची आई सवाशिणींतून पुढं आली. "म्हंजे मला मक्यावर हळद लावली तुम्ही?"

"मला काय ठावं? मी पण पाटावरच होतो!" भाऊसाहेब म्हणाले. "गणूभाऊ, बंद करा ते. मोबाइलवरचं कायतरी लावा."

मी सुई उचलली. सासरची माणसं मान खाली घालून खांदे हलवत होती. नवरीच्या डोळ्यांत पाणी. तिला हळद लागायच्या आधीच सासरी तिचं नाव 'मक्याची पोर' पडणार, हे मला माझ्या मिक्सरवर लिहिल्यासारखं दिसत होतं.

जिजीनं काठी आपटली.

"हसून काय राह्यल्या गं? मला पहिल्यापासून ठावं हाय. थैल्यांसंगं फुकट आल्तं ते. माझ्या नणंदेच्या हळदीला बँडवाला आलाच न्हाई, मंग हेच लावलं. नणंदेला सहा लेकरं झाली, समदी धडधाकट! बियाणं वाईट म्हणायला तोंड हाय का कुणाला?"

करवलीच्या हातातली वाटी कलंडली. आता सगळा मांडव हसत होता, आणि सगळ्यात मोठ्यानं नवरी.

"गणू, बघतो काय? जल्दी पळतं लाव."

मी बटण पंचेचाळीसवर टाकलं. बाई पुन्हा बारा वर्षांच्या झाल्या. सवाशिणींचे हात खाली आले. 'बिल घ्यावं गं' आता सगळ्यांनी मिळून म्हटलं, सासरच्यांनी तर दोनदा. हळद नवरीला लागली, मला लागली, टर्नटेबलच्या झाकणाला लागली ती अजून निघालेली नाही.

सामान आवरताना मी ते रेकॉर्ड एकट्यानं तेहतीसवर लावलं. काय गायल्या होत्या बाई! 'सील पाहुनी' या दोन शब्दांवर अशी मींड घेतली होती की देवळात उभ्या आहेत असं वाटावं. थैलीवरच्या सीलसाठी एवढा जीव ओतणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. अर्धं कडवं झालं असेल. भाऊसाहेब मागं येऊन उभे राहिले, जरा वेळ ऐकलं.

"आवाज चांगलाय," ते म्हणाले. "कंपनी बोगस हाय. बंद करा."

स्पीड कंपनी लेबलवर छापते, हे खरं आहे. पण हळदीची ऑर्डर असली की मी आता आधी घरातली सगळ्यात म्हातारी बाई कुठं बसलीय ते बघतो. लेबल नंतर.