वॉकमनमधलं आठपदरी तिकीट

पोलादपूरजवळच्या कापडे गावी माझी सासरवाडी. तिथल्या सासऱ्यांचा वॉकमन दुरुस्त झाला का, असं अजून कुणी ना कुणी विचारतं. मी "झाला होता" एवढंच सांगतो. हे उत्तर शंभर टक्के खरं आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी मीटर आणि गेज बरोबर दाखवतात की नाही ते तपासतो. काटा खोटं बोलत असेल तर तसं लिहून ठेवायचं, हेच माझं गेल्या सव्वीस वर्षांचं काम. त्यामुळे स्वतः खोटं बोलायची सवय राहिलेली नाही. अर्धं बोलायची मात्र लागली आहे, आणि ती सासरी लागली.

वॉकमन पाठ्यपुस्तकाच्या निम्म्या आकाराचा, काळा, लाल रेकॉर्डिंगच्या बटणाचा. सासऱ्यांच्या धाकट्या भावाने तो मुंबईहून आणला होता. माझी बायको शाळेत होती तेव्हा, गौरीच्या दिवसांत, कापड्याच्या अंगणात जाखडीचा सामना झाला. नाचायला पोरं असतात, पण खरी झुंज दोन शाहिरांची. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. तोवर नाचणारे गोल फिरतात आणि फेर पुरा झाला की आरोळी ठोकतात. त्यांच्यात ठरलेलं असं, की तिसऱ्या आरोळीच्या आत जवाब आला पाहिजे. नाही आला तर हरणाऱ्याने नारळ पुढे ठेवून वाकायचं.

कापड्याकडून सासरे गात होते. समोर शिवथरचे दाजी, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दाजींनी सवाल टाकला:

उभा असे तर हिरवा हिरवा,
पडता आडवा पिवळं सोनं,
मार खाऊनी होतो गोरा,
सांग शाहिरा, तो रे कोण?

सासऱ्यांना पुराणं तोंडपाठ. सवाल पुराणातलाच असणार असं धरून ते हिरव्या रंगाचा देव शोधायला रामायणात शिरले. तिथे नाही मिळाला म्हणून महाभारतात गेले. त्यांच्या पाठीमागे, गोठ्यापलीकडे, त्यांचंच भात मांडीएवढं उभं होतं. शेवटी त्यांनी "भात" असं उत्तर गायलं खरं, पण दाजींचं म्हणणं, तिसरी आरोळी आधीच होऊन गेली होती.

सासऱ्यांचं म्हणणं वेगळंच. "तिसरीच्या आधीच माझ्या डाव्या कानात गणपती बोलला," असं ते दर वर्षी सांगतात, डावा कान हाताने धरून.

सगळा सामना वॉकमनवर रेकॉर्ड झाला होता. पण दुसऱ्या दिवशी तो ऐकायला बसले तर बटण दबेना आणि झाकण उघडेना. कॅसेट आतच अडकली. सासूबाई म्हणाल्या, दुरुस्तीवाल्याकडे दिला तर तो मेला टेप पुसून टाकील. तेव्हापासून वॉकमन पत्र्याच्या पेटीत, आणि भांडण दर गौरीला अंगणात.

"मेव्हण्या, तिसरी आरोळी झाल्यावर तोंड उघडलंस तू."

"दाजी, तवा तुमच्या कानात मळ होता."

"मग लाव की टेप!"

"टेप बंद हाय म्हणून वाचलात तुमी."

गेल्या वर्षी आषाढात दाजी जिना उतरताना पडले. हाड मोडलं नाही, पण माणूस हिशेबाला लागला. त्यांनी निरोप पाठवला: यंदा टेप वाजलीच पाहिजे. सासरे खरे ठरले तर दाजी नारळ ठेवून सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडणार. बहिणीच्या नवऱ्याने मेव्हण्याच्या पाया पडायचं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. आणि दाजी खरे ठरले तर सासऱ्यांनी वाकायचं आणि गणपतीची गोष्ट कायमची बंद करायची.

सासऱ्यांनी पेटी उघडून वॉकमन माझ्या हातात दिला. "जावईबापू, माझी अब्रू हाय ही. सांभाळून खोला."

"कशाला त्यांना त्रास," सासूबाई चुलीपाशी न वळता म्हणाल्या. "नोकरीची माणसं ती."

"मामी, मला आवड आहे."

"ती दिसली. आमच्या मिक्सरचा एक स्क्रू उरला होता."

दोन उरले होते, हे मी त्यांना सांगितलं.

महाडला आल्यावर रविवारी जेवणाच्या टेबलावर पांढरा पंचा पसरला आणि कामाला लागलो. बाहेरचे स्क्रू पाच, आतले तीन. एकेक कागदावर चिकटवून शेजारी नंबर लिहिला. सेल आत राहून फुटलेले होते, त्यांची हिरवी बुरशी व्हिनेगर लावून खरवडली. मोटरवर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याचं डांबर झालं होतं, ते स्पिरिटने पुसायला कापसाचे बावीस बोळे लागले. बायकोने मोजले, कारण कापूस तिचा होता. पट्ट्याचं माप दोरा गुंडाळून काढलं. नवीन पट्टा पोस्टाने यायला नऊ दिवस लागणार होते. तोवर धीर धरवेना म्हणून बायकोच्या केसांचं बारीक रबर लावून पाहिलं. तिच्या कपाटातली एक भजनाची कॅसेट घातली, तर बुवा बालवाडीतल्या पोरासारखे गायला लागले.

पण खरी गंमत पट्ट्याच्या आधीच सापडली होती. प्ले बटणाच्या मागे, बारीक फटीत, कागदाची घडी घट्ट कोंबलेली होती. त्यामुळेच बटण खाली जात नव्हतं आणि झाकणही अडकलं होतं. चिमट्याने ओढून काढली. एसटीचं जुनं तिकीट. तीनदा दुमडलेलं, म्हणजे आठ पदर, कडा नखाने दाबून सरळ केलेल्या.

अशी घडी मी ओळखतो. आमच्या घरी कुणी पाहुणं येऊन गेलं की कोण आलं होतं हे मला विचारावं लागत नाही. सासूबाई पोलादपूरहून बसने आल्या की त्यांच्या बांगडीत आठ पदरी तिकीट खोचलेलं असतं आणि जाताना ते आमच्या चहाच्या बशीत राहतं.

तिकीट मी एका काडेपेटीत ठेवलं. पट्टा आला, बसवला. मोटरच्या भोकात बारीक पेचकस घालून वेग लावला. कॅसेटच्या कव्हरवर छापलेली भजनाची लांबी आणि माझं घड्याळ यांत एका सेकंदाचाही फरक राहिला नाही, तेव्हाच थांबलो. मग सामन्याची कॅसेट घातली आणि हेडफोन कानाला लावला.

ढोलकी, घुंगरं, दाजींचा सवाल. पहिली आरोळी. सासरे नुसते "हो जी जी" करताहेत. दुसरी आरोळी. अजून "हो जी जी". आणि मग एकदम जवळून, माइकला तोंड लावल्यासारखा, एका बाईचा दात-ओठ खाऊन काढलेला आवाज:

"अवो, भात! भात हाय तो! रोज त्यात मरतो आपण!"

लगेच सासऱ्यांचा खडा सूर, "भात तो शाहिरा, भात." आणि त्याच्या नंतर तिसरी आरोळी.

मी टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली. एकूण अकरा वेळा. सामन्यात वॉकमन धरून सासऱ्यांच्या डाव्या खांद्यामागे कोण बसलं होतं ते मी बायकोला विचारलं.

"आई. का हो?"

"सहज," मी म्हणालो. हे त्या वर्षातलं माझं पहिलं अर्धं उत्तर.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर सासूबाईंना फोन लावला. "मामी, वॉकमन चालू झाला."

पलीकडे चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज. मग, "तिकीट काढलंत?"

"काढलं."

"ऐकलंत?"

"अकरा वेळा."

"एकदा ऐकून कळत नाय?" त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, जावईबापू. देव बोलला म्हणून त्या दिवसापासून ह्यांनी तंबाखू सोडली. मी दहा वरसं सांगत होते, सोडली का? आता देव कोण होता ते कळलं तर उद्यापासून पुन्हा गालात गोळी."

"पण मामी, नियमाने मामा जिंकलेतच. जवाब तिसऱ्या आरोळीच्या आत आहे."

"मग तेवढंच ऐकवा."

"टेप कापणं माझ्याकडून होणार नाही." कापता येत होती. पण कापणार नव्हतो.

"ते लाल बटण दाबलं तर पुसतं ना सगळं?"

"कॅसेटच्या कडेचा तुकडा मी मोडून ठेवलाय. आता लाल बटण दबत नाही."

"फार हुशार," त्या म्हणाल्या. ती स्तुती नव्हती.

मग मी माझं निरीक्षण सांगितलं. हेडफोनवर त्यांचा आवाज स्वच्छ येतो. पण माझ्याकडचा छोटा स्पीकर जोडून चार वेळा ऐकलं, त्यावर तो ढोलकीखाली दबतो. माहीत नसेल तर कळत नाही. "मात्र कुणी सरळ विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

"विचारतंय कोण? बाप्यांना ढोलकी तेवढी ऐकू येते. लावा स्पीकरवर."

गौरीच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाआधी, कापड्याच्या ओटीवर तीसेक माणसं जमली. दाजी खुर्चीत, सासरे समोर पाटावर. मध्ये स्टुलावर वॉकमन आणि स्पीकर. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात, हातात उलथनं.

टेप सुरू झाली. पहिली आरोळी झाली तेव्हा दाजींनी एक बोट वर केलं. दुसरीला दुसरं. तिसरं बोट निम्मं वर आलं आणि "भात तो शाहिरा" आलं. बोट तिथेच राहिलं. मग तिसरी आरोळी.

"पुन्हा लाव," दाजी म्हणाले.

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग दाजी उठले, नारळ सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला आणि दुखऱ्या गुडघ्यासकट वाकायला लागले. सासऱ्यांनी त्यांना अर्ध्यावर धरलं. "पुरे, दाजी. निम्मं पोचलं."

"पूर्ण घे रे, तीस वरसं थांबलायस."

"मी सांगत होतो," सासरे डावा कान धरून सगळ्यांना म्हणाले, "इथं बोलला गणपती." मग माझ्याकडे वळले. "जावईबापू, ते कानात घालायचं हाय ना तुमच्याकडं? मला एकट्याला ऐकू द्या जरा. माझा आवाज कसा लागला होता बघतो."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या उलथन्याकडे पाहत होत्या. मालकाला त्याचा वॉकमन ऐकू नको म्हणायचा मला काय अधिकार? स्पीकर काढून हेडफोन जोडून दिला.

सासरे डोळे मिटून डोलत होते. दुसऱ्या आरोळीच्या सुमाराला डोलायचे थांबले. डोळे उघडले. टेप मागे घेतली, ऐकली. परत मागे घेतली, ऐकली. मग त्यांनी हळूच डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, जणू अजून तिथे कुणी बसलंय.

"काय रे, काय झालं?" दाजी पुढे सरकले. "आण इकडं, मलाही ऐकू दे."

सासऱ्यांनी खटकन बटण दाबलं. "सेल गेले."

सेल मी सकाळीच नवे घातले होते. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही.

"जाऊ दे," म्हणत दाजींनी कनवटीची चंची सोडली, तंबाखू मळली आणि चिमूट पुढे केली. "घे. आज जिंकलायस. आज देव काय म्हणणार नाय."

सासऱ्यांचा हात पुढे गेला. दारात उलथनं थांबलं. हात दोन बोटं अलीकडे थबकला, वळला, आणि नारळावर गेला. "नको, दाजी. देव इथंच उभा हाय."

नारळ घेऊन ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि सासूबाईंच्या हातात दिला. "हा तुझा गो."

"माझा कशाला? गणपतीचा ना?"

"तेच म्हणतोय."

सासूबाईंनी नारळ कानाशी हलवून पाणी पाहिलं. "जुना हाय," म्हणाल्या आणि आत गेल्या. जेवणात त्याची खीर झाली. सासऱ्यांना दोन वाट्या मिळाल्या, दाजींना दोन, मला तीन.

निघताना मी मोटरसायकलला किक मारणार, तोच सासरे वॉकमन घेऊन आले. कॅसेट आतच होती. इकडेतिकडे बघून हळू म्हणाले, "दाजी उद्या दुपारपर्यंत हाय इथं. इतकी वरसं बटण दबत नव्हतं, आत काय अडकलं होतं?"

मी खिशातली काडेपेटी काढून दाखवली. त्यांनी तिकीट उघडलं नाही. आठ पदर अंगठ्याने चाचपले.

"ते होतं तिथंच घाला परत."

ओटीच्या कोपऱ्यात बसून, पाच स्क्रू काढून मी ते घातलं आणि पाच स्क्रू लावले. या वेळी एकही उरला नाही.