उरलेलं कुणी भरलं?

माझं डोकं तापायला काडी लागत नाही, हे मळवलीत सगळ्यांना ठाऊक आहे. घरात भांडं वाजलं, तर ते कुणी आणि कुणाच्या नावाने आपटलं, हे मी स्वयंपाकघरात न जाताच सांगत असे. तेही छातीठोकपणे.

यापायीच मागच्या वर्षी धाकटी जाऊ दुरावली. माझा कोंबडा तिने कापून खाल्ला, असं मी तिच्या दारात उभी राहून ओरडले. तिसऱ्या दिवशी कोंबडा एका बंगल्याच्या बागेत सापडला, धडधाकट. माफी मागितली, पण बोललेलं थोडंच गिळता येतं? आमच्यात सावड होती, म्हणजे एक दिवस दोघींनी माझी भातलावणी करायची, दुसऱ्या दिवशी तिची. ती मोडली. एकटीने लावणी करताना कंबर धरली, त्याचं काही नाही. पण बांधावर एकटीने चहा पिताना मला रडू आलं.

शेवटी विहारात येणाऱ्या एका आबांना मी म्हटलं, "आबा, या डोक्याला काही औषध सांगा." आबांनी रेल्वेच्या नोकरीत जन्मभर पायी चालत रूळ तपासलेले.

"रूळ ठीक असंल, असं आमी घरी बसून कदी म्हटलं न्हाई," ते म्हणाले. "जाऊन हात लावायचा. तू बी तेच कर. राग आला की तीन सवाल. डोळ्यानं काय पायलं? कानानं काय ऐकलं? उरलेलं कुनी भरलं?"

मी रोज सकाळी चहा उकळेपर्यंत आदल्या दिवसाचा एक राग काढून त्याला हे तीन प्रश्न विचारू लागले. लाज वाटायची. पाहिलेलं चिमूटभर आणि भरलेलं पायलीभर निघायचं.

यंदा जावेनेच निरोप धाडला, "सावड करू. पर आरडाओरडा न्हाई."

लावणीच्या आदल्या सकाळी शेतावर गेले, तर माझ्या खाचरातलं पाणी गायब! बांधाखालचं तिचं खाचर मात्र काठोकाठ. आणि बांधावर तिचं फावडं, ओल्या चिखलाने माखलेलं. आणखी काय पुरावा हवा? पदर खोचून मी तिच्या घराकडे निघाले. निम्म्या वाटेवर आबांचे शब्द पायात आले.

पाहिलं काय? कोरडं खाचर, भरलेलं खाचर, फावडं. ऐकलं काय? काहीच नाही. बांध तिने फोडला, हे कुणी भरलं? मी. पाय पुढेच ओढत होते, खोटं कशाला सांगू. पण मी वळले.

बांधापाशी बसून चिखलात हात घातला. तळाशी मनगट जाईल एवढं बीळ लागलं. आत खेकडा होता. त्याने माझं बोट असं धरलं, की मी किंचाळलेच. पण त्याला बाहेर ओढून काढला, तेव्हा मला एवढा आनंद झाला, की एकटीच मोठमोठ्याने हसत सुटले.

तेवढ्यात जाऊ धापा टाकत आली. काखेत पेंढ्याचा भारा.

"ताई, पहाटपास्नं बीळ बुजवतीय, चिखल टिकंना. म्हून पेंढा आणाय गेलते," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून हळूच, "तुमी भांडाय यायच्या आत बुजवायचं व्हतं."

"निघालेच होते गं," मी म्हटलं. "निम्म्या वाटेवरून परतले."

"निम्म्या?" तिने डोळे मोठे केले. "गेल्या वर्साला तर थेट दारात आलावता!"

आम्ही दोघींनी पेंढा कोंबला, वर चिखल थापला. वरून येणारं पाणी माझ्या खाचरात साचू लागलं. दुसऱ्या दिवशी माझं खाचर लावून झालं आणि चहाला बांधावर दोघी बसलो, बरोबर त्या बुजवलेल्या बिळावर.