वलांडीवर टांगलेला फोन
वाळत्या बोंबलांचा वास नाकात शिरला की मला अजून त्या माणसाचा फोन आठवतो. आमचा साखरपुडा झालेला. तो हरिहरेश्वरच्या बाजूचा, बोटीवर जाणारा, आणि नव्या फोनचा तोरा तर विचारूच नका. "पॅटर्न हाय, बोटाचा ठसा हाय. माज्या आयशीलापन मेसेज दिसनार न्हाय," असं आमच्या घरी येऊन माझ्या आईला ऐकवत होता, जणू तिने बघायला मागितले होते. आमच्या दारापुढच्या खळ्यात रेंज एकाच जागी यायची, बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडीपाशी, म्हणून सगळ्यांचे फोन तिथेच लटकायचे. बोटीवरच्या सवयीने या शहाण्यानेही आपला फोन पारदर्शक पिशवीत घातला, वलांडीला टांगला आणि घरात जेवायला बसला. मी आणि आई कावळे हाकत तिथेच उभ्या. फोन वाजला, कुलूप जागच्या जागी आणि काचेवर मेसेज उजळला. आई म्हणाली, "वाच गो, मोठ्यान वाच." मी वाचलं: 'श्रीवर्धनची नवी मुलगी पसंत आहे ना? मग तिकडचं ठरलेलं लग्न मोड.' तो उष्ट्या हातानेच धावत आला. "माजा फोन कोनी उघडला?" "कोनी न्हाय. तुजा कुलूप हाय तसाच हाय," आई म्हणाली, आणि माझ्या बोटातली अंगठी काढून तिने त्याच पिशवीत टाकली. हल्ली तो म्हणे आपोआप पुसले जाणारे मेसेज वापरतो. वापरू दे. त्याच्या बायकोच्या खळ्यातही रेंजची एक जागा असेलच.