आमच्या ह्यांचं निवेदन

आमच्या ह्यांना वकील व्हायचंय. हसा, खुशाल हसा, मीही हसले होते. न्हाव्याने केसांची पार वाट लावली तरी आरशात बघून 'छान झालंय' म्हणणारा हा माणूस. शेजारच्यांनी आमच्या दारात कचऱ्याचा डबा ठेवला, तर आपणच वळसा घालून जाणारा. आणि हे म्हणे कोर्टात उभे राहून लोकांची भांडणं भांडणार! तेही या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून.

आयुष्यभर नोकरी काय केली, तर बस कंपनीत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसले. डेपोच्या मागच्या अंगाला, टायरच्या गोदामाला लागून एक खोली होती. एकदा मी विसरलेला डबा द्यायला गेले होते. आत ओल्या कपड्यांचा वास, फळीवर छत्र्यांची रास, एकेकटे बूट, कोपऱ्यात एक कुबडी, आणि काचेच्या बरणीत चक्क कवळ्या! प्रत्येक वस्तूला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. मी म्हटलं, अहो, कुबडी विसरून माणूस उतरून गेला कसा? तर म्हणाले, 'मलाही विचारायचंय. तो यायची वाट बघतोय.' असलं सगळं.

त्या खिडकीचा एक नियम होता. वस्तू आधी दाखवायची नाही. ज्याची हरवली त्याने तिचं वर्णन करायचं, आणि ह्यांनी मधे चकार शब्द काढायचा नाही. चुकून 'निळी होती का?' म्हटलं की कुणीही 'हो हो, निळीच' म्हणणार. म्हणून दिवसभर लोक बोलायचे आणि हे ऐकायचे. तोंडात मिठाची गुळणी धरून बसण्याचाही पगार मिळतो, हे मला लग्नानंतर कळलं.

माझं सगळं उलट. मी शाळेच्या ऑफिसात खिडकीवर असते. समोरचा पालक 'मॅडम, त्याचं काय झालं की' एवढं म्हणाला की मी सांगते, 'दाखला हवाय ना? दोन फोटो आणा, मंगळवारी या.' माणूस आ वासून बघत राहतो आणि रांग झरझर सरकते. माझ्या रजेच्या दिवशी तीच रांग फाटकाबाहेर जाते, विचारा शिपायाला. घरीही तेच. ह्यांचं वाक्य सुरू होऊन संपेपर्यंत दूध उतू जायचं, म्हणून मीच ते पूर्ण करून मोकळी होते. एवढा संसार झाला, कुठे काही अडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना नोकरीवरून काढलं. एक दिवस दुपारीच घरी आले, हातात डबा, चेहरा उतरलेला. मला सांगायची गरजच पडली नाही. डेपोतली माणसं कमी होणार याची कुजबुज होतीच, आणि माणूस कमी करायचा तर साहेबाच्या डोळ्यांपुढे पहिला कोण येणार? ज्याला तोंड नाही तो! मी त्या कंपनीचा असा काही उद्धार केला की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतली. माहेरी सांगितलं, सासरी सांगितलं, लेकीच्या सासरीसुद्धा सांगितलं, 'एवढ्या वर्षांच्या माणसाला कुत्र्यासारखं हाकललं हो!' लोक हळहळायचे. हे शेजारी बसून चहा प्यायचे.

मग हे रोज सकाळी आवरून बाहेर पडायला लागले. मला वाटायचं, बागेत बसतात चार रिकामटेकड्यांबरोबर. तर एक दिवस कळलं, गृहस्थ कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसतात आणि लोकांचे खटले ऐकतात. काय म्हणावं! ज्याची नोकरी ऐकण्याची होती त्याने सुटल्यावर तरी कानाला विश्रांती द्यावी की नाही? आणि एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, 'मला वकिलीला प्रवेश घ्यायचाय.' मला ते वाक्य मधे तोडताच आलं नाही, कारण त्याचा शेवट असा असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

संध्याकाळचं एक कॉलेज निघालं. वयाने मोठ्या लोकांसाठी तिथे मोजक्या जागा होत्या, आणि ह्यांच्या वयाला हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी दार बंद. मार्कांना कुणी विचारणार नव्हतं, निवड व्हायची ती एका निवेदनावर. तुम्ही कोण, आतापर्यंत काय केलंत, काम का सुटलं, वकीलच का व्हायचंय, हे आपल्या शब्दांत एका पानात लिहा. झालं! तिथेच घोडं अडलं. ह्यांच्याकडे शब्द होते कुठे?

पहिला खर्डा ह्यांनी स्वतः केला. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. शेवटी मला वाचायला दिला. मी वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. 'पुरुष, मध्यम बांधा, रंग मळकट. किरकोळ झीज. डाव्या गुडघ्यात दोष. बाकी चालू स्थितीत.' पुढे, 'कोणीही मागणी केलेली नाही.'

'अहो, हे तुमचं वर्णन आहे की छत्रीचं?'

'दुसऱ्या तऱ्हेने लिहायची सवय नाही गं.'

मी पोटभर हसले. लेकीला फोन करून वाचून दाखवलं, ती हसली, मागून जावई हसले. हेही थोडं हसले आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

मग लेकीने तो मास्तर शोधून दिला. निवेदन मास्तर! असाही धंदा असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. जिन्याखालच्या एवढ्याशा खोलीत पंखा गरगरतोय, भिंतीवर प्रवेश मिळालेल्या पोरांचे दात काढलेले फोटो, आणि मधे हा बसलेला, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. लोकांची आयुष्यं हा लिहून द्यायचा, आणि स्वतःच्या अंगावर त्याने आयुष्यात केलेलं एकच काम दिसत होतं, ते म्हणजे केसांना तेल.

'काही दुःख आहे का?' त्याने विचारलं. दुकानदार माप विचारतो तसं.

हे विचारात पडले.

'लहानपणी गरिबी? घरात आग, पूर, अपघात? आईवडील लवकर गेले?'

'वडील नव्वदीत गेले,' हे म्हणाले. 'झोपेत.'

मास्तरचं तोंड आंबट झालं. आता हा गिऱ्हाईक सोडतोय की काय असं वाटून मीच पुढे झाले. म्हटलं, 'ह्यांना नोकरीवरून काढलं. काही चूक नसताना.' तो असा खुलला म्हणता! 'वा, वा! अन्याय! मॅडम, हे आधी सांगायचं ना!' हे काहीतरी बोलायला गेले, 'तसं नाही, त्या दिवशी…' पण मास्तरचं पेन सुटलं होतं आणि मीही त्याला तपशील पुरवत होते. दोन दिवसांनी त्याने जे पान हातात ठेवलं त्यात आमचे हे भर उन्हात रस्त्यावर फेकले गेले होते, डोळ्यांत अंगार होता, आणि त्यांनी आकाशाकडे बघून मूठ वळली होती. आमच्या ह्यांनी! ज्यांना बरणीचं झाकण उघडत नाही!

मला तरीही ते पान बरं वाटलं होतं. प्रवेश मिळाल्याशी कारण. पण हे म्हणाले, 'हे नको.'

'का नको?'

'हा मी नाही.'

'तुम्ही कोण ते तुम्हाला लिहिता येत नाही, दुसऱ्याने लिहिलं तर तुम्ही ते नाही. मग आहात तरी कोण?'

मग मीच पदर खोचला आणि एक निवेदन लिहून काढलं. साधं, नेटकं, अंगारबिंगार काही नाही. कष्टाची नोकरी, अन्यायाने काढलं, म्हणून न्यायाची आवड. एवढी सरळ गोष्ट! ह्यांनी ते दोनदा वाचलं, 'अक्षर छान आहे,' म्हणाले आणि बाजूला ठेवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, बसा मग कुबडीवाल्याची वाट बघत. मी यात पडणार नाही.

न पडून सांगते कुणाला? शेवटचा रविवार आला, संध्याकाळी कॉलेजच्या अर्जाची साइट बंद होणार, आणि हे कॉम्प्युटरपुढे बसून एका बोटाने 'क' शोधतायत. बघवेना. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. ते एक पान गेलं नाही तर हा माणूस मरेपर्यंत मागच्या बाकावरच बसणार, हे मला तेव्हा त्या पाठीवर दिसलं. मी खुर्ची ओढली. 'सरका. तुम्ही सांगा, मी टाइप करते. माझं एक अक्षर घालणार नाही, झालं?'

ते उठून खिडकीशी उभे राहिले. माझ्याकडे पाठ.

'मी एका बस कंपनीत हरवलेल्या वस्तूंच्या विभागात होतो.'

टाइप केलं.

'दोन वर्षांपूर्वी…' म्हणाले आणि थांबले. त्यांचं थांबणं म्हणजे तुम्हाला कल्पना नाही. माझी बोटं काय थांबतात! 'दोन वर्षांपूर्वी मला कामावरून काढून टाकण्यात आलं,' मी लिहूनही मोकळी झाले, पूर्णविरामासकट.

त्यांनी वळून पडद्यावर पाहिलं.

'खोड ते.'

'का? कडक वाटतं? कमी करण्यात आलं, असं घालू?'

'मला काढलं नाही. मी सोडली.'

मी हसले. खरं सांगते, मला वाटलं अब्रूसाठी बोलतायत. पण हे परत खिडकीकडे वळले आणि बोलायला लागले, आणि मला टाइप करायचं होतं म्हणून मला गप्प बसावं लागलं.

'आमच्या खिडकीवर एक नळ दुरुस्त करणारा यायचा. त्याची हत्यारांची पेटी बसमध्ये राहिली होती. तो बोलताना अडखळायचा. एकेका शब्दाला फार वेळ लागायचा. पेटी माझ्या मागच्या फळीवरच होती, पण त्याने वर्णन केल्याशिवाय देता येत नव्हती. तो रोज यायचा, सांगत सांगत अर्ध्यावर पोचायचा, मागची माणसं ओरडायची, तो निघून जायचा. हत्यारं नव्हती म्हणून त्याचं काम बंद होतं. त्या दिवशी साहेब तिथे उभे होते. त्यांनी त्याला मधेच तोडलं आणि म्हणाले, याला सांगता येत नाही, म्हणजे याची नाही, पेटी लिलावात टाका. मी म्हणालो, साहेब, त्याचं बोलून व्हायचंय. ते म्हणाले, तुम्हाला वकिली करायला ठेवलेलं नाही. मी सर्वांना थांबवलं. त्याला म्हणालो, सावकाश सांग. त्याने सांगितलं. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याच्या मुलीने रंगवलेला मासा होता. मी पेटी उघडली, मासा होता. पेटी त्याच्या हातात दिली, किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि घरी आलो.'

माझी बोटं थांबली होती. शेवटची दोन वाक्यं मागाहून टाइप केली.

मग मला राग आला. असा राग आला म्हणता! 'अहो, मग हे सांगायचं नाही का? दोन वर्षं मी गावभर ओरडतेय, ह्यांना हाकललं, ह्यांना हाकललं! माझ्या भावाने तुम्हाला जुने कपडे आणून दिले, ते घेतलेत मुकाट्याने! लेकीच्या सासूने बिच्चारे म्हटलं तेव्हाही चहा पीत होतात! सांगायला काय झालं होतं?'

'सांगत होतो.'

'कधी?'

'त्याच दिवशी. दारात. आज मी साहेबांना, एवढं म्हणालो, आणि तू म्हणालीस, काढलं ना?'

'मग नाही म्हणायचं होतं तिथल्या तिथे!'

'तू माहेरी फोन लावला होतास.'

या माणसाने आयुष्यात एकदा मान ताठ केली, आणि त्याची मीच लोकांत हकालपट्टी करून ठेवली. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी चालू होत नव्हती, तिचा घर्रघर्र आवाज येत होता. हे माझ्याकडे बघत उभे होते. घाई नाही, राग नाही, डेपोच्या खिडकीवर दिवसभर माणसांकडे बघायचे तसे.

'पुढे?' मी म्हटलं.

'थोडंच राहिलंय.'

'सांगा. असेल तेवढं सांगा.'

ह्यांनी सांगितलं. मधे दोनदा थांबले, चांगले लांबलचक थांबले, आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. 'मी वकील झालो तर फार बोलेन असं नाही. पण समोरच्याचं बोलून होईपर्यंत मी तिथून हलणार नाही.' हे शेवटचं. खाली नाव घातलं. साइट बंद व्हायला अजून वेळ होता.

'आणि खाली एक ओळ टाक,' हे म्हणाले. 'यात माझ्या पत्नीबद्दल काही सुचवायचं नाही.'

'ती ओळ मी टाकणार नाही,' मी म्हटलं. 'ते खोटं होईल.' आणि निवेदन पाठवून दिलं.